संकष्टीला ठरलेला उमरावाचा खून

फेब्रुवारीतला तिसरा शनिवार. वर्गणी माणशी ऐंशी दिरहम, म्हणजे साधारण अठराशे चाळीस रुपये. हजर मोठी माणसं चोवीस. मुलं वेगळी, त्यांना वर्गणी माफ, जेवण पूर्ण. स्थळ, दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधलं भाड्याचं फार्महाऊस. निमित्त, शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका उमरावाच्या हवेलीत होणारा खून. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, जेवताना एकाने मरायचं आणि बाकीच्यांनी खुनी शोधायचा, असा खेळ.

हा खून माझ्या बायकोने लिहिला होता. आमच्या मित्रमंडळाच्या संमेलनाचं जेवण अकरा वर्षं तिच्याकडे आहे. यंदा तिने सांगितलं, "मी लिहीन. जेवण बाहेरून मागवा." मंडळाचे सेक्रेटरी हसून म्हणाले, "लिहा की वहिनी! पण नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत किचन. डील?" ती "डील" म्हणाली. घरी आल्यावर मला म्हणाली, "हे फसलं ना, तर मी जन्मभर पुऱ्याच तळणार." मग तीन महिने ती दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलवर लिहीत होती आणि आम्ही सोफ्यावर जेवत होतो.

पात्रं वाटायला बसलो तेव्हा पहिली अडचण आली. नोकर व्हायला कुणी तयार नाही. "इतकी वर्षं दुबईत काढून आता बटलर होऊ?" असं एका मॅनेजरने विचारलं. बायकोने एक उमराव लिहिला होता, मागणीमुळे चार करावे लागले. शिवाय दोन डॉक्टर आणि एक कर्नल. सेक्रेटरी कर्नल झाले, कारण टोपी त्यांच्याकडे होती. मुख्य उमराव, म्हणजे ज्याने मरायचं तो, अध्यक्षकाका झाले. त्यांचा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा आहे आणि फार्महाऊसचं डिपॉझिट त्यांनी भरलं होतं. बटलर मी, कारण लेखिकेच्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही.

सव्वाआठला मी पांढरे हातमोजे घालून पहिलं सूप काकांसमोर ठेवलं. सूप म्हणजे टोमॅटोचं सार. त्यात विष आहे, हे मला आणि लेखिकेलाच माहीत. काकांनी वाटी बाजूला सारली.

"आज संकष्टी आहे रे. चंद्र दिसल्याशिवाय मी काही घेत नाही."

मग आठ-नऊ जण एकदम म्हणाले, "हो की, आमचाही आहे!" प्रत्येकाने घरून उपास धरला होता आणि प्रत्येकाला वाटलं होतं की तारीख ठरवणाऱ्याने काहीतरी विचार केलाच असेल.

"चंद्रोदय किती वाजता?" बायकोने विचारलं.

"मुंबईचा धरला तर झालाच आता," एक उमराव फोन बघून म्हणाले.

"मुंबईचा चंद्र मुंबईवाल्यांना! इथला सव्वानऊला," काका म्हणाले.

"काका, नुसतं प्यायल्यासारखं करा आणि मरा," बायकोने सुचवलं.

यावर काकू उठल्या. त्या उमरावाच्या पत्नी होत्या, खेळात आणि एरवीही. "चतुर्थीच्या दिवशी माझा नवरा मेलेला मी बघणार नाही. नाटकातसुद्धा नाही. सांगून ठेवते."

मग दुसऱ्या उमरावाला विचारलं. त्याच्या बायकोने मंगळसूत्राला हात लावला. तिसऱ्याच्या बायकोनेही लावला. चौथ्याने बायकोकडे न बघताच मान हलवली. इंग्लंडात म्हणे उमराव फार मरायचे. तिथे त्यांच्या बायकांचं मत घेत नसावेत.

सेक्रेटरींना ही संधी वाटली. "वहिनी, खलास करू या आता. नाटक काय, नेक्स्ट इयर. तुम्ही जरा किचनमध्ये जाऊन पटकन शिरा टाका, नैवेद्य होऊन जाईल. रवा आहे, मी बघितलाय."

बायको हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती. तीन महिन्यांचं लिखाण. तिने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग गठ्ठा टेबलावर ठेवला.

"बटलर," ती म्हणाली, "उमरावसाहेबांचा उपास आहे. ते त्यांचं सूप तुम्हाला देताहेत. प्या."

मी प्यायलो. मीठ जास्त होतं. टेबलाजवळ पडलो.

"अगं बाई, तुझा नवरा गं!" काकू ओरडल्या.

"माझा चालतो," बायको म्हणाली. "तर मंडळी, विष उमरावांसाठी होतं. उमराव आज उपाशी आहेत, हे ज्याला माहीत होतं तो सुपात विष कशाला घालेल? शोधा."

इतका वेळ खुर्च्यांत रेललेली माणसं पुढे सरकली. काकूंनी सांगितलं की सकाळी साबुदाणा त्यांनीच भिजवला, म्हणजे त्या निर्दोष. एका डॉक्टरने फोनवर खिचडीचा फोटो दाखवला. उमरावांनी एकमेकांच्या बाजूने साक्षी दिल्या. मी डोळे मिटून ऐकत होतो. नाक खाजवलं तर मुलगी कानाशी म्हणाली, "बाबा, यू आर डेड. डोन्ट मूव्ह."

"संध्याकाळी आल्याआल्या मला बटाटेवडा कोण देत होतं?" काकांनी विचारलं. "आणि आजची तारीख कुणी ठरवली?"

चोवीस माणसांतली तेवीस कर्नलकडे बघू लागली. बावीस म्हणायला हवं, मी मेलो होतो.

"हबीबी, आज फार्महाऊस स्वस्त होतं!" कर्नल म्हणाले.

"गुन्हा कबूल," काका म्हणाले आणि टाळ्या पडल्या. बायको टेबलाला धरून उभी होती. मूळ लिखाणात खुनी कोण होतं, हे तिने मलाही सांगितलेलं नाही.

सव्वानऊला चंद्र काही दिसेना, धुळीचा पडदा होता. पावणेदहाला लालसर दिसला. नैवेद्य खजुरांचा झाला. शिरा झाला नाही.

निघताना काकांनी पाकीट काढलं. भारतातून येणाऱ्या कलाकाराला मंडळ पाचशे एक दिरहम देतं, तेवढेच काकांनी बायकोला दिले.

"घरच्या माणसांना कसलं मानधन, काका?" सेक्रेटरी म्हणाले.

"खुन्याने गप्प बसावं," काका म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी पुऱ्या तू तळ."

गाडीत तिने पाकीट उघडलं, पैसे दोनदा मोजले आणि एक दिरहमचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. "हे तुमचं. मेल्याबद्दल."

म्हणजे लेखिकेला पाचशे दिरहम, साडेअकरा हजार रुपये, आणि बटलरला एक, तेवीस रुपये.