वहिनी जमिनीवर बसते

आमची वहिनी शिवणकाम करते. दादा गेल्यावर त्या मशीनवरच तिने मुलाला वाढवलं, आणि आता तोच मुलगा तिला त्या मशीनपासून उचलून स्वतःच्या घरी न्यायला निघाला होता.

कारणही तसंच घडलं. खाली पडलेली बॉबिन उचलायला वहिनी वाकली आणि तोल जाऊन बसली ती बसलीच. हाडबिड काही मोडलं नाही, पण उठताच येईना. दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून बरं! संध्याकाळी पडदे न्यायला गिऱ्हाईक आलं, तेव्हा कुठे तिला उभं केलं. मुलाने फोनवर निकाल दिला, "महिनाअखेरीला येतो. सामान बांधून ठेव."

वहिनी माझ्यासमोर रडली. "वन्सं, तिकडे मी करू काय? दिवसभर टीव्ही बघू?"

मग सुरू झाले व्यायामाचे प्रयोग. जिममधल्या पट्ट्यावर चालून आली आणि म्हणाली, "एवढं चालले, पोचले कुठेच नाही." योगाच्या वर्गात डोळे मिटायला सांगितले, तर बाई घोरायला लागली. फिजिओथेरपिस्टने ओढायला रबरी पट्टा दिला. तो ताणून बघत म्हणते कशी, "इलॅस्टिक झकास आहे हो, कुठे मिळतं?" मी कपाळावर हात मारला.

एके दिवशी जाते तर कापड बेतायचं टेबल भिंतीला सारलेलं, त्यावर कुंड्या, आणि ही खाली फरशीवर कापड पसरून बसलेली. कात्री कपाटावर, खडू खिडकीत, टेप दारामागच्या खिळ्याला. प्रत्येक वस्तूसाठी उठायचं, पुन्हा बसायचं.

"डोकं फिरलंय का गं तुझं?" मी ओरडले. "पुन्हा पडलीस म्हणजे?"

"जमिनीवरच तर आहे. आणखी कुठे पडणार?"

आधी ती स्टूल धरून उठायची, मग भिंत धरून. कण्हायची, गुडघ्यांना शिव्या घालायची. पण व्यायाम कर म्हटलं की तोंड वाकडं करणारी ही बाई फ्रॉकचा घेर बेतायला दहादा ऊठबस करायची. मला वाटतं, प्रत्येकाच्या अंगाला हलायला आपापलं निमित्त लागतं, आणि ते दुसऱ्याला शोधून देता येत नाही.

मुलगा आला तो मोठी बॅग घेऊनच. "आई, हट्ट पुरे. पुन्हा पडलीस तर?"

वहिनी फरशीवर सपाट आडवी झाली. कुशीवर वळली, हाताचा रेटा दिला, एक गुडघा टेकला आणि मध्येच अडकली. मुलगा धावला.

"हात लावशील तर याद राख!" ती कडाडली. माझाच जीव टांगणीला लागला. दुसऱ्या खेपेला ती उठली, कशालाही न धरता, लालबुंद होऊन, धापा टाकत.

मला वाटलं, आता तो हसेल. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू दुपारभर इथे पडून होतीस, आणि मी तिकडे मित्रांबरोबर हसत जेवत होतो. मला ते सहन होत नाही गं, आई."

"मलाही नाही झालं रे," वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "म्हणून तर उठायला शिकले."

त्या संध्याकाळी तो एकटाच परत गेला.