अक्रोडाची बिस्किटं

आमच्या जावयांना मैद्यातलं सगळं कळतं, दुखण्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी माणूस लाखात एक, हे मी त्यांची सासू असून सांगते. खाली त्यांची बेकरी, वर लेक, जावई आणि मी. भट्टीतून पत्रा बाहेर आला की त्यातलं एक बिस्किट मोडायचं, तोंडात टाकायचं आणि मगच माल काउंटरवर पाठवायचा, हा त्यांचा शिरस्ता. म्हणजे दिवसभर तोंड चालूच.

लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही. लेकीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. तिच्यात काहीच दोष नाही. मग डॉक्टरीणबाईंनी जावयांना तपासलं, तर रक्तातली साखर आभाळाला भिडलेली!

"मधुमेह बराच जुना दिसतोय," बाई म्हणाल्या. "त्यानं शुक्राणू कमी झालेत, आहेत त्यांनाही नीट हलता येत नाही. गोळ्या लिहून देते, त्या चुकवू नका. चाला. गोड बंद, तळलेलं आणि वनस्पती तूप बंद. मासे, जवस, अक्रोड खा. त्यांतली चरबी चांगली असते, तिचा थोडा हातभार लागला तर लागेल."

एवढ्यातलं जावयांनी काय ऐकलं? अक्रोड!

दुसऱ्याच दिवशी जवस-अक्रोडाची बिस्किटं सुरू. स्वतःच्या हातानं मळायची, डबा भरायचा आणि चहाबरोबर मूठमूठ खायची. "आई, औषध आहे हे," असं वर मलाच ऐकवायचे.

"औषध इतकं खुसखुशीत कसं हो?" मी विचारायची. ते हसायचे. लेक मात्र हसायची नाही. छत्तिशी गाठली होती तिनं. कडेवर बाळ घेऊन कुणी पाव न्यायला आलं की ती सुटे पैसे परत द्यायलाच विसरायची. माझा जीव तुटायचा.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. रिपोर्ट ऐकायला आम्ही तिघंही गेलो. बाकावर बसलो तर जावई मांडीवरची पिशवी काही सोडेनात.

बाईंनी कागद वाचून चष्मा काढला. "साखर वाढलीय. शुक्राणू आणखी घटलेत. खाता तरी काय तुम्ही?"

जावयांनी मोठ्या हौसेनं पिशवीतून डबा काढला. बाईंसाठीच आणला होता. "जवस आणि अक्रोड."

"आणखी?"

"मैदा... साखर... वनस्पती तूप." आवाज खाली खाली गेला.

"आणि गोळ्या?"

जावयांनी डब्याकडे बोट दाखवलं. डब्यातलं औषध चालू होतं ना, म्हणून गोळ्या केव्हाच बंद केल्या होत्या! असा संताप आला मला, जावई नसते तर तिथंच कान पिळला असता.

बाई ओरडल्या नाहीत, त्यानंच जास्त भीती वाटली. "अक्रोडानं मधुमेह हटत नाही. आधी साखर आटोक्यात आणा. डोळे, पाय, मूत्रपिंडं तपासून घ्या. मुलाचं मी आज काही सांगू शकत नाही."

बाहेर पायऱ्या उतरताना जावई थांबले. "तुझं वय निघून चाललंय. माझ्यापायी का अडकतेस? दुसरं घर बघ. आई, तुम्ही तरी सांगा हिला."

मी तोंड उघडायच्या आत लेक कडाडली. जन्मात आवाज न चढवणारी पोर माझी, येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. "मूल नाही झालं तर मी रडेन. खूप रडेन! पण तुमच्या खांद्यावर. तुम्हालाच काही झालं तर कुणाच्या खांद्यावर रडू? आईच्या?"

जावई मटकन पायरीवर बसले.

"गोळ्या कुठं आहेत?"

"घरी. पिठाच्या पिंपामागं लपवल्यात."

"उठा."

ती तरातरा पुढं निघाली, ते तिच्या मागं, आणि गुडघे धरत मी दोघांच्या मागं, देवाचा धावा करत. इतकी वर्षं त्याच्याकडे नातवंड मागत आलेय. त्या रस्त्यानं घरापर्यंत मी फक्त जावई मागितले.