चिकू गोडात धरत नाहीत

आमच्या डहाणूच्या वाडीवरच्या शेडमध्ये दुपारी चिकू निवडायला बसलं की हात चिकूंत आणि तोंड गप्पांत! चिकू निदान संध्याकाळी टेम्पोत बसून बाजारात तरी जातात. किस्से मात्र तिथेच साठत राहतात. गेल्या वर्षीपासून त्यातले निम्मे माझ्या डायबेटिसचे आहेत. माझ्या आजारावर माझ्याच शेडमध्ये सगळे हसतात आणि सगळ्यात मोठ्याने मी हसतो. कारण तेव्हा हसायला काहीच नव्हतं.

झालं असं, की वाडीत अनवाणी फिरताना पायाच्या अंगठ्यात कापलेल्या बांबूचं टोक घुसलं. जखम काही केल्या भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "विनायकराव, टाइप टू डायबेटिस. शुगर खाली आली तर जखम भरेल. नाही आली, तर अंगठा काढावा लागेल."

मी घाबरलो. दिवसभर वाडीत उभा राहणारा माणूस मी, अंगठ्याशिवाय उभं कसं राहायचं?

*

"गोड एकदम बंद," डॉक्टरांनी सांगितलं. मीही बंद म्हणजे बंद केलं! चहात साखर नाही, बारशाचा पेढा हातात घेऊन परत ठेवला. पुढच्या तपासणीला गेलो तर शुगर आणखी वर!

"खरं सांगा, गोड काय खाता?"

"शपथ घेऊन सांगतो, काही नाही."

"फळं?"

"फळं कोण विकत आणतंय हो, एवढी महाग!"

"घरचे चिकू?"

"ते खातो ना."

"किती?"

आता घरचे चिकू कोण मोजून खातं? येता-जाता एक उचलायचा, निवडताना फुटलेला दिसला की तोंडात टाकायचा. मी म्हटलं, "असतील की दिवसाला सात-आठ."

"अहो, चिकू गोड नसतो का?"

"असतो ना! आमचा तर फारच गोड. पण तो गोडात कुठे धरतात?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

*

पुढच्या वेळी माझी बायको सुनंदा सोबत आली. माझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता.

"भात बंद केलात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"केव्हाच!" सुनंदा म्हणाली. "ताटात शीत दिसणार नाही. मासे आणि भाकरी, बस."

डॉक्टर खूश झाले. "वा! भाकरी उत्तम. कसली करता?"

सुनंदा त्यांच्याकडे बघतच राहिली. "कसली म्हणजे? तांदळाची!"

डॉक्टर मूळचे सोलापूरकडचे. त्यांच्या लेखी भाकरी म्हणजे ज्वारीची. आमच्याकडे भाकरी म्हटलं की तांदूळच. चूक कोणाची यावर दोघांचा असा वाद रंगला, की बाहेरचे पेशंट दारातून डोकावू लागले. शेवटी सुनंदा म्हणाली, "तुम्ही पहिल्या दिवशीच नीट विचारायला हवं होतं!" आणि डॉक्टरांनी चक्क सॉरी म्हटलं.

*

मग नाचणी आली. ती आणली लखमीबाईने. लखमीबाई आमच्याकडे माझ्या आईच्या वेळेपासून चिकू निवडते, शेडमध्ये तिचाच शब्द चालतो. तिचं माहेर उधवा गावचं. भावाच्या शेतातली नाचणी तिने पिशवी भरून आणली आणि सुनंदापुढे ठेवली. पैसे विचारले तर माझ्याकडे असं बघितलं, की मी विषयच सोडला.

सुनंदाची पहिली नाचणीची भाकरी तव्यावरच चार ठिकाणी फाटली. शेजारच्या वाडीचा बाळूदादा नेमका जेवायला होता. म्हणाला, "वहिनी, या रस्त्याला खड्डे फार. कॉन्ट्रॅक्टर बदला!"

त्याला त्या दिवशी तीच भाकरी वाढली. दोनदा.

*

शेडमधला चहा एकाच टोपात होतो. मी म्हटलं, माझा वेगळा काढा, बाकीच्यांनी साखर घ्या. लखमीबाई म्हणाली, "दोन-दोन टोपं कोण घासंल?" झालं, सगळ्यांचा चहा बिनसाखरेचा. टोपाचं निमित्त होतं, हे मला काय कळत नाही?

वापीचे व्यापारी जयंतीभाई माल बघायला आले. पहिला घोट घेतला आणि कप लांब धरून बघू लागले. "शेठ, साखर-खांड महाग झाली काय?"

त्यांची एक जुनी रीत आहे. आधी मालकाने चिकू खाऊन दाखवायचा, मग भाव. त्या दिवशी मालकाला चिकू बंद! बाळूदादा लगेच पुढे सरसावला. "विनूच्या वतीने मी खातो." एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा उचलला.

"केम, गोड नाय?" जयंतीभाईंनी विचारलं.

"गोड आहे. पण खात्री करून सांगावं माणसाने!"

*

वाढवणला एका लग्नाला गेलो. यजमान जिलेबी घेऊन मागेच लागले. "एका जिलेबीने काय होतंय?"

शेजारी बसलेला बाळूदादा मोठ्याने म्हणाला, "याचा अंगठा जातो. तुझा देतोस का बदली?"

जिलेबी मागे गेली, पण मग जो तो औषध सांगायला उठला. जांभळाच्या बिया, कारल्याचा रस, भिजवलेली मेथी. एक काका तर कानाशी येऊन म्हणाले, "सकाळची ताडी घे. झाडाची वस्तू ती, तिला कसली साखर?"

परत येताना बाळूदादा गाडीत सोबत होता. घर आल्यावर म्हणाला, "विनू, नीट हो रे बाबा." एवढंच. मला तेव्हा रडू आलं. या माणसांचे उपकार मी कुठे फेडू?

*

आणि एक दिवस डॉक्टरांनी पट्टी सोडली, ती पुन्हा बांधलीच नाही. जखम भरली होती. शुगर खाली आली होती. अंगठा माझाच राहिला! वर डॉक्टर म्हणाले, "आता कधीमधी अर्धा चिकू चालेल."

पेढे वाटायची पंचाईत, म्हणून बाजारातून पिशवीभर काकड्या घेतल्या आणि शेडमध्ये वाटत सुटलो. सगळ्यांनी घेतल्या. लखमीबाईने हात पुढे केला नाही.

"मला काकडी नको. चिकू द्या."

"अगं, चिकूंच्या ढिगात बसलीयस. घे की!"

"तुमी द्या, तुमच्या हाताने. महालक्ष्मीला नवस बोललेली मी. भाऊ, तुमचा अंगठा बांधलेला हाय तवर चिकू तोंडात घालायची नाय."

रोज दुपारभर ही बाई चिकूंत हात घालून बसते. मी खाली बसलो, ढिगातला सगळ्यात चांगला पिकलेला चिकू शोधला आणि तिच्या हातावर ठेवला.

तिने त्याचे दोन भाग केले. मी हात पुढे केला. अर्ध्याची परवानगी होतीच.

एक भाग तिने तोंडात टाकला. माझ्या हाताकडे बघितलं. दुसराही टाकला.

"तुमी काकडी खा, भाऊ."