देव्हाऱ्यातली बाटली
सुरतेत लाईट गेली की फ्रीजमधला बर्फ वितळतो, तो कुबट वास नाकात शिरतो आणि मला लडाखचं ते तळं आठवतं. रस्त्याच्या कामाचं सामान राखायला आम्ही दोघंच, मी आणि आमच्या धुळ्याकडचे एक काका, हिवाळाभर तिथे राहिलो होतो. उष्टं, हाडकं, सकाळचं उरकणंसुद्धा, सगळं त्या गोठलेल्या तळ्यावरच. वरून बर्फ पडला की पुन्हा पांढरंशुभ्र. चहासाठीही बर्फ तिथलाच, एका खड्ड्यातून फोडायचो. पाडव्याच्या सुमारास तळं वितळायला लागलं आणि चार महिन्यांची घाण हिरवट, बुळबुळीत होऊन वर आली, अगदी आमच्या चहाच्या खड्ड्याभोवती. मी नाक दाबलं, तरी भडाभडा ओकलो. काका म्हणाले, "आपलंच शे ना हाई, नाक काब्र दाबस?" तेवढ्यात मला आठवलं, संक्रांतीला त्याच खड्ड्यातला बर्फ वितळवून ते पाणी मी हिमालयाचं तीर्थ म्हणून बाटलीत भरून रेशन घेऊन आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या हाती आईला पाठवलं होतं. ती बाटली अजून सुरतेत बमरोलीच्या आमच्या घरी देव्हाऱ्यात आहे. आई तिच्यात नळाचं पाणी घालून घालून तीर्थ पुरवते आणि सणासुदीला सगळ्यांना चमचाभर देते. मी हात पुढे करतो, डोळे मिटतो आणि गिळतो.