पोलीस पाटलाचा राजीनामा मी दिला नाही

बायको जाऊन आठ महिने झाले. माझी पोलीस पाटलकी तिनं वाचवली, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. आता कशाची लाज?

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचं गाव जंगलातलं; अर्धी घरं आम्हा बौद्धांची, अर्धी गोंडांची. मी चौथी शिकलेला, प्रांतसाहेबांनी नेमलेला पोलीस पाटील. पेरणीआधी गोंड लोक बियांची पूजा करतात. त्या दिवशी गावाची शीव बंद. आतला बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. कोणी ओलांडली तर पूजा वाया.

त्याच दिवशी एक म्हातारा आंब्यावरून पडून मेला. अशा मौतीची खबर ठाण्यात त्याच दिवशी द्यावी लागते. मी पुजाऱ्याला विचारलं, तो नाही म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेलो. जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, पुतण्याला माझी जागा पाहिजे होती. खबर उशिरा दिली म्हणून त्यानं अर्ज टाकला, अन् मला नोटीस आली की पदावरून काऊन काढू नये.

कचेरीतल्या बाबूनं लिहिलेला कागदच पुढं केला. म्हणाला, "पाटील, राजीनाम्यावर सही करा. चौकशी लागली तर डाग लागते. असे इज्जतीत घरी बसान."

मी सही करणारच होतो. भ्यालो होतो, खोटं कशाला बोलू? कागद घरी आणला. बायकोनं ऐकून घेतलं अन् विचारलं, "अजी, त्याइले काढता येत असतं, तर तुमाले सही काऊन मागतली असती?"

तिचा बाप जंगल खात्यात चौकीदार होता. त्यानं अशीच सही दिली अन् मग कोणी ऐकून घेतलं नाही. राजीनामा तर त्याचाच होता. ती म्हणाली, "काढाचं असन तर तुमचं म्हणनं ऐकाच लागते. बोलाचं काम तुमचं, सही नाई."

सुनावणीला मी पुजाऱ्याला घेऊन गेलो. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही बौद्ध, तुम्हाला शिवेचं काय?"

"साहेब, मी नाई मानत. पन गाव मानते, अन् मी गावाचा पाटील हाय."

पुजारी मधेच बोलला, "हा गेला असता तर पूजा मोडली असती. मंग याले आमीच काढलं असतं. तुमाले नोटीस काढाची तसदी नसती."

साहेब हसले नाहीत, पण लिहिणं थांबवलं. शेवटी मला लेखी ताकीद दिली अन् पदावर ठेवलं. वर बजावलं, "पूजा असो, काही असो, खबर त्याच दिवशी आली पाहिजे."

त्यावर पुजाऱ्यानं अन् मी तोड काढली. पुढच्या वर्षीपासून पूजेच्या आदल्या दिवशी गावच्या कोतवालाला शिवेवरच्या नाल्यापलीकडं बसवायचो. काही झालं तर मी अलीकडून ओरडायचो, तो ठाण्यात पळायचा. दोन दिवसांची त्याची शिदोरी बायको बांधायची अन् दरवर्षी ऐकवायची, "पाटील तुमी, अन् कोतवालाले पोसाचं मी."

वयाची साठ वर्षं होईपर्यंत मी पाटील राहिलो. तिनं एकदाही शिदोरी चुकवली नाही.