मास्तरनं घातलेलं नाव

माझा धाकटा भाऊ जन्मात कधी कोणाला शिकवायला गेला नाही, तरी अख्खा कारखाना त्याला मास्तर म्हणतो. हुद्दा मास्टर प्लॅनर, लोकांनी पुढचं शेपूट कापून टाकलं. कोणतं मशीन कधी चालणार, कोणता माल आधी, चालवणार कोण, हे सगळं तो कॉम्प्युटरवर लावतो. त्यानं कुलूप घातलेलं काम मग कोणालाही हलवता येत नाही. मालकालासुद्धा नाही.

आधी असं नव्हतं. आधी बळी तो कान पिळी! ज्या फोरमनचा आवाज मोठा, त्याचा माल पुढे. एकदा कोणाचा पत्रा आधी कापायचा यावरून रंगखात्याच्या फोरमनचे दोन दात पडले. पाडणारा माझा नवरा, प्रेसखात्याचा फोरमन. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. त्याचे प्रताप मला बाहेरून ऐकायची गरज नव्हती. चहा गार झाला की थोबाडीत, गरम असला तरी थोबाडीत. भाऊ म्हणायचा, "ताई, तू माझ्याकडे निघून ये." मी म्हणायचे, "चालायचंच रे." काय चालायचं होतं, माझं मलाच ठाऊक.

मालकानं प्लॅनची सूत्रं एकट्या मास्तरच्या हाती दिली, तेव्हा पैलवानाचं पित्त खवळलं. "आता बायकोच्या भावाला विचारून मशीन लावू?" असं म्हणत त्यानं ताट भिंतीवर फेकलं.

मग त्या दिवशी सकाळी पत्रा दाबून आकार देणाऱ्या मोठ्या प्रेसची जाळी तुटली. पत्रा सरकवणाऱ्याचा हात आत असताना प्रेस खाली येऊ नये, म्हणून पुढे ती जाळी असते. मास्तरनं नवी जाळी बसेपर्यंत कॉम्प्युटरवरून प्रेसला कुलूप घातलं. इकडे पैलवानानं मालकाला छातीठोकपणे सांगून ठेवलेलं, संध्याकाळी माल गाडीत भरतो म्हणून.

मीही त्याच कारखान्यात, पॅकिंगला असते. काच फुटल्याचा आवाज आला आणि मी धावले. प्लॅनिंगच्या खोलीत भाऊ खाली पडलेला, नवऱ्याचा गुडघा त्याच्या छातीवर, हातात लोखंडी पाना. भावाचं तोंड रक्तानं माखलेलं.

"उघड कुलूप!"

"जाळी नाहीये. हात जाईल कोणाचा तरी."

पाना त्याच्या बोटांवर आदळला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. भाऊ कळवळला, पण मान हलवून नाहीच म्हणाला. पैलवानानं पुन्हा पाना उगारला. मी त्याचा शर्ट धरून ओढलं, तर त्या मेल्यानं माझा हात पाठीमागे असा पिरगाळला की खांदा निखळला. मी किंचाळले. दारात प्रेसवरची माणसं उभी होती, एकाचीही आत यायची छाती होईना.

"उघडतोस, की हिचा दुसरा पण काढू?"

भाऊ टेबलाला धरून उठला. डाव्या हातानं त्यानं कॉम्प्युटरवरचं कुलूप काढलं. मग दारातल्या माणसांकडे एकेक करून पाहिलं आणि चालवणाऱ्याचं नाव टाकलं. आमच्याकडे ज्याचं नाव टाकलं असेल त्याच्याच कार्डानं प्रेस सुरू होते.

"तुमचं नाव घातलंय, भाऊजी," तो म्हणाला. "चालवायचीच तर तुम्ही चालवा."

पैलवान खदाखदा हसला. "मी काय बांगड्या भरल्यात?" असं म्हणून त्यानं सगळ्यांदेखत बाह्या सरसावल्या आणि प्रेसवर गेला.

फुटलेल्या काचेतून आम्हाला तो दिसत होता. एक पत्रा दाबला की आमच्याकडे वळून एक शिवी हासडायची, मग दुसरा पत्रा. त्याला नुसतं काम करायचं नव्हतं ना, जिरवायची होती! अशीच एक घाणेरडी शिवी देताना तोंड आमच्याकडे राहिलं आणि उजवा हात आत राहिला. प्रेस खाली आली. त्याचं ते ओरडणं माणसाचं वाटत नव्हतं. कोणीतरी वीज तोडली, कोणीतरी ओकलं. मनगटाच्या पुढे काही उरलं नव्हतं.

दवाखान्यात भावाच्या बोटांना प्लास्टर घातलं, माझा खांदा बसवला. आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो होतो.

"त्याचं नाव मुद्दाम घातलंस?" मी विचारलं.

"हो."

"हात जाईल हे कळत असून?"

"कोणाचा तरी जाणारच होता, ताई. दारात उभे होते त्यांच्यातल्या कोणाचं घालायला हवं होतं, तू सांग." आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

खरं सांगते, मला वाईट वाटत नव्हतं. बरं वाटत होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती.

तेवढ्यात नर्स आली. "पेशंट शुद्धीवर आलेत. बायकोला बोलवा म्हणून ओरडताहेत."

मी झटक्यात उभी राहिले. भावानं नुसतं वर बघितलं. मी परत बसले.

"येताय ना?" नर्सनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.