गोदामाला खेटलेली पेटी

परभणीजवळच्या एका शेतकी केंद्रात मी ऊन-पाऊस मोजायच्या कामावर होतो. या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. डॉक्टरला कुणी शिकवत नाही, पण हवामानवाल्याला रस्त्यानं जाणारा बी शिकवून जातो.

*

पूर्णेचा एक टीसी भेटला की म्हणायचा, "तुमचा पाऊस आन् आमची पॅसेंजर, दोन्हीची वाट बघू नये." आम्ही अंदाज सांगत नाही, नुसतं मोजतो, असं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "मग पगार कशाचा?"

*

वालूरच्या एका आजीनं पर्जन्यमापक बघून विचारलं, "एवढ्याशा नळकांड्यात आख्ख्या वालूरचा पाऊस कसा मावंल?"

आम्ही हसलो. आमचे प्रमुख वाघमारे साहेब हसले नाहीत. "आजी, बरोबर हाय तुमचं. म्हणून तर असली नळकांडी लय पाहिजेत." पीएच.डी. झालेला माणूस! मी बघतच राहिलो.

*

साहेब बौद्ध, आणि दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे. शेतकरी मेळाव्यात ते म्हणाले, "आपल्याकडचा उन्हाळा कडक होत चाललाय."

पोखर्णीचे नानासाहेब उठले. बडे जमीनदार, शाळा सातवीत सोडलेली, जीभ तिखट. "साहेब, तुमची थर्मामीटरची पेटी नव्या गोदामाला खेटून हाय. पत्रा तापायलाय, आन् तुमी म्हणायलाव उन्हाळा तापायलाय."

मंडप हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "कोट्यातली डिग्री!" माझं डोकंच फिरलं. साहेब शांतपणे म्हणाले, "शंका रास्त आहे. दुसरी पेटी तुमच्या रानात बसवतो. आकडे तुम्हीच वाचा."

*

परतताना जीपमध्ये मी म्हणालो, "साहेब, त्यांनी खोटे आकडे सांगितले तर?"

"तर रिटायर होईपर्यंत लोक मला तेच ऐकवतील."

"मग कशाला ही भानगड?"

"अरे, ते म्हणतात ते खरं असलं तर मला कळायला नको?"

*

पेटी बसवून आठवड्यानं जाऊन बघतो तर पेटीला ओलं पोतं गुंडाळलेलं. नानासाहेब म्हणाले, "सायबाची वस्तू, उन्हात कशी ठेवावी?" रांजणाची करावी तशी काळजी केली होती बिचाऱ्यांनी. ओल्या पोत्यानं पारा खाली येतो, हे साहेबांनी समजावलं, आठवड्याचे आकडे बाद केले. नानासाहेब वरमले. त्यानंतर गड्याला न पाठवता स्वतः पेटीकडं जायला लागले.

*

पुढच्या मेळाव्यात नानासाहेब स्टेजवर चढले.

"गोदामामुळं आकडा फुगायलाय, हे खरं निघालं. पण थोडाच. तेवढा वजा करून साहेबांनी सगळं पुन्यांदा मांडलं. तरी उन्हाळा वाढलेलाच हाय. साहेब बरोबर व्हते."

त्यांचाच चुलतभाऊ खालून म्हणाला, "नाना, तुमी त्यांच्या बाजूनं बोलायलाव?"

'त्यांच्या' म्हणजे कुणाच्या, हे मंडपात सगळ्यांना कळलं. साहेब खाली बघत होते.

नानासाहेबांनी माइक जवळ ओढला. "मी सगळा उन्हाळा रोज दुपारी दोनला त्या पेटीपाशी उभा व्हतो. तू कुठं व्हतास?"